वाचनताईचे सोमवार

"त्या बोक्याच्या मिशा तेवढ्या काढून टाक," आमचे हे म्हणत होते.

"बिनमिशांचा बोका कुठे बघितलास तू?" माझी नणंद म्हणाली.

"मग कुत्रा कर त्याचा."

"कुत्र्याला कधी उंदीर घाबरतात का रे?"

"ताई, मी चेष्टा करत नाहीये. एक दिवस उचलून नेतील तुला."

"नेऊ देत. तुझ्या बायकोला एक ताट कमी घासावं लागेल."

मी तेव्हा नवी नवरी. स्वयंपाकघराच्या दाराआड ओलं भांडं हातात धरून उभी होते. मनात म्हटलं, कसली माणसं ही, बोक्याच्या मिशांवरून भांडतात. पुढे मीही नणंदेबरोबर कामाला जायला लागले, तेव्हा कुठे उलगडा झाला.

ती हातमोज्यांच्या कारखान्यात वाचायची. म्हणजे नोकरीच ती. आम्ही बायका लांब टेबलांशी बसून चामड्याची बोटं शिवायचो आणि ती उंच स्टुलावर बसून आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायची. सगळं सुईचं काम, यंत्राची खडखड नाही. गप्पा मारल्या की हात थांबतो, ऐकत बसलं की चालतो, म्हणून मालकानेच ही रीत पाडलेली. आधी वर्तमानपत्र, मग गोष्ट. सगळ्या तिला वाचनताई म्हणत. माझं शिक्षण म्हणजे सही येण्यापुरतं. जगाचं जे काही कळलं ते तिच्या तोंडून, अंगठे शिवता शिवता.

गोष्ट मात्र कात्रीवाल्यांची. चामडं बेतणारे एक गृहस्थ होते, त्यांना आम्ही असंच म्हणायचो. काटकुळे, हळू बोलणारे. कागदावर काही नसायचं. जेवणाच्या सुट्टीत ते ताईला पुढचा तुकडा सांगत आणि दुपारी ती वर्तमानपत्रात डोळे घालून तोच आम्हाला ऐकवायची. उंदरांनी धान्य राखायला एक बोका आणला, इथून सुरुवात. मग बोका म्हणाला, रात्रीचं बिळाबाहेर पडू नका, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. मग म्हणाला, आजपासून सगळ्या उंदरांनी म्याव म्हणायचं, चूं चूं करेल तो देशाचा वैरी. ताईच्या डोक्यावर भिंतीला थोरल्या साहेबांचा फोटो होता. तो देशातल्या सगळ्याच भिंतींना असायचा, मिशांसकट. आम्ही वर बघत नसू. वर न बघता हसायची सवय झाली होती आम्हाला.

ताईचं आणि कात्रीवाल्यांचं लग्न ठरल्यात जमा होतं. ती विचारायची, "कधी करायचं?"

"गोष्ट संपली की."

"मग संपवा की लवकर."

"बोका मरत नाहीये, मी काय करू?"

मग एकदा तपासणीस येणार अशी कुणकुण लागली. त्या दिवशी भावाचं ऐकून ताईने बोक्याला सुट्टी दिली आणि सरकारनेच छापलेली, मधमाश्या पाळायची पुस्तिका वाचायला घेतली. इतकी रुक्ष, की दाराशी खुर्ची टाकून बसलेला तपासणीस पेंगायला लागला.

"राणीमाशी स्वतः काहीच काम करीत नाही," ताई वाचत होती. "तिला भरवायला आणि तिचं अंग पुसायला वेगळ्या माश्या असतात."

कोणीतरी फिसकन हसली. मग तिच्या शेजारची. मग अख्खं टेबल हसायला लागलं, पदर तोंडात कोंबले तरी थांबेना. त्या पुस्तिकेत काही म्हणता काही नव्हतं हो. माश्याच होत्या. पण बोक्यात साहेब बघून बघून आमची नजर इतकी तयार झाली होती, की माशीतही तेच दिसले.

तपासणीस दचकून उठला. "कोणी लिहिलंय हे?"

"तुमच्याच खात्याने," ताई म्हणाली.

त्याने पुस्तिका उलटीसुलटी करून पाहिली. शिक्का खरा होता. मग तो आणखीच चिडला. "मग ह्यांना हसायला कोणी शिकवलं?"

ताई स्टुलावरून उतरायला लागली. तेवढ्यात कात्रीवाल्यांनी कात्री खाली ठेवली. "मी शिकवलं. वाचणाऱ्या बाई फक्त वाचतात."

इतक्या वर्षांत तिच्याबद्दल असं परक्यासारखं ते एकदाच बोलले. त्यांना नेलं तेव्हा डाव्या हाताचा मोजा बेतून झाला होता, उजवा राहिला होता.

तेव्हापासून ताई दर सोमवारी तुरुंगाच्या चौकशीच्या खिडकीवर जायला लागली. हातात पुडकं, पुडक्यात स्वच्छ धुतलेला शर्ट. कधी ठेवून घेत, कधी परत देत. ठेवून घेतलं की आठवडाभर स्वारी गुणगुणत असायची. मग 'नोंद नाही' म्हणून ते परतच यायला लागलं. शर्ट जुना झाला की ती नवा शिवायची, आणि दर वेळी अंदाजाने माप बदलायची.

"आता पोट सुटलं असेल का गं?" मला विचारायची.

"तिथलं खाऊन?"

"तरी पण. ह्यांच्या घराण्यात सुटतं."

'ह्यांच्या' म्हणायची. लग्नाचा पत्ता नाही, पण 'ह्यांच्या'.

थोरले साहेब गेले. तेही म्हातारपणाने, मऊ गादीवर. फोटो उतरले. कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, "ताई, आता कसली भीती? सांग की बोक्याचं पुढे काय झालं."

"मला नाही ठाऊक."

"मग जुळव काहीतरी."

"त्यांची गोष्ट मी का जुळवू? आले की विचारते," म्हणाली आणि वर्तमानपत्र उघडलं. तिने स्वतः शेवट सांगितला असता, तर ते यायचे नाहीत हे कबूल केल्यासारखं झालं असतं. एवढं मला अडाणी बाईलाही कळत होतं.

खिडकी तिथेच राहिली, रंग तेवढा नवा दिला. आधीची माणसं खेकसायची, नंतरची मावशी म्हणायला लागली. उत्तर तेच.

अशी कित्येक वर्षं गेली आणि एका रात्री ताई झोपेतच गेली. त्या आठवड्याचा सोमवार नेहमीसारखाच गेला होता. तिचे गुडघे धरायचे म्हणून मी सोबत होते.

"नोंद नाही, मावशी," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"नीट बघितलंस?"

"दोनदा बघितलं."

"बरं. खोकला कसा आहे तुझा?"

"आहे थोडा."

"झडप लावून बसत जा. वारा येतो."

"झडप लावली तर तुम्ही कुठून विचाराल?"

ताई हसली. "हेही खरंच. येते पुढच्या सोमवारी."

पुडकं काखेत मारून ती एकेक पायरी उतरली. कोपऱ्यावरच्या दुकानात थांबून बटणं बघायला लागली. दुकानदाराने शर्टाची नेहमीची पुढे केली, ती तिने बाजूला सारली आणि कोटाला लावतात तसली मोठी निवडली.

"शर्टाला एवढी मोठी?" मी म्हटलं.

"म्हातारी बोटं झाली असतील आता," ती म्हणाली. "बारकी बटणं सापडायची नाहीत त्यांना."