लढाईनंतरची सुट्टी

आमचे हे आधी कबड्डीचे गडी, मग फौजी. पंचवटीत लोक त्यांना खेळाडू म्हणूनच ओळखायचे. एकाहत्तरची लढाई संपली आणि हे सुट्टीवर आले. सासूबाई होत्या घरात, पण वर्षभर मी तशी एकटीच होते बघा. मनात कितीतरी बोलायचं साठलेलं. पण ऊन उतरलं की मंडळाची पोरं दारात यायची आणि हे निघायचे मैदानावर. परत आले की जेवायचे नि झोपायचे.

एक दिवस मी भाजीला म्हणून निघाले आणि थेट मैदानावर जाऊन उभी राहिले. तिथं दुसरी बाई नव्हती. हे मातीनं माखलेले, जवळ येऊन म्हणाले, "तू इथं काय करतेस?"

"तुम्हाला बघायला आले. घरी दिसत नाही ना."

पोरं हसली. "वहिनींनी पकडलं, दादा बाद," एक जण म्हणाला. हेही हसले.

दुसऱ्या दिवशी हे गेले नाहीत. ओट्यावर माझ्याजवळ बसले. मी विचारलं, तिकडं थंडी फार होती का? म्हणाले, होती. लढाईचं विचारलं, तर म्हणाले, "त्यात काय सांगायचं?" मग माझंही बोलणं खुंटलं. मैदानावरून ओरडा ऐकू येत होता. यांचे कान तिकडंच, बोटं गुडघ्यावर वाजत होती. शेवटी मीच म्हटलं, "जा, खेळून या."

चपला घालायलाही थांबले नाहीत. मी तिथंच बसून उद्याचे तांदूळ निवडले.