काळं स्टेअरिंग आणि धर्माबादची गल्ली

स्टेअरिंगचा वीतभर तुकडा मंगलच्या हातात आला तेव्हा आम्ही औसा रोडला होतो. गाडी चालवत होती ती, मी डाव्या सीटवर. तिनं गाडी नीट कडेला घेतली, तुकडा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "अहो, हे बदला. नाहीतर मी जावळाला बसनं जाते."

आमची गाडी म्हणजे सत्तरच्या दशकातली पांढरी अँबेसिडर. मी चाकूर फाट्यावर पंक्चर काढायचो, तेव्हा अशा गाडीतून उतरणारा माणूस मला आमदारच वाटायचा. पुढं लातुरात टायरची दोन दुकानं झाली, आणि तीन वर्षांपूर्वी ही गाडी घेतली. उन्हानं तिच्या स्टेअरिंगचं प्लास्टिक पापडासारखं झालं होतं. पण खरा पेच प्लास्टिकचा नव्हता. मंगलनं पन्नाशी ओलांडल्यावर लायसन काढलं आणि जाहीर केलं की, भावाच्या नातवाच्या जावळाला धर्माबादला मी स्वतः गाडी घेऊन जाणार. माहेरच्या दारात, स्वतःच्या हातानं.

यावर तिचा धाकटा भाऊ अप्पा फोनवर म्हणाला, तेही स्पीकर चालू असताना, "दाजी, अक्काला चालवू द्या, पण गल्लीच्या तोंडापर्यंतच. आमच्या भिंती आत्ताच रंगवल्यात."

मंगल काही बोलली नाही. बायको बोलली नाही की मी समजतो, आता खर्च आहे.

लातुरात चार ठिकाणी विचारलं. दोघं म्हणाले दिल्लीहून मागवू, एक जण म्हणाला गाडीच बदला. चौथ्यानं सांगितलं, नांदेडला जा, देगलूर नाक्याकडं जुन्या गाड्यांचा माल मिळतो. नांदेड वाटेवरच. म्हणून ठरलं: लातूर-नांदेड मी चालवायचं, तिथं स्टेअरिंग बसवायचं, आणि दुसऱ्या दिवशी नांदेड-धर्माबाद मंगलनं.

दिवस पहिला

तुटक्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. टायरवाल्याला काय, ट्यूबनं सगळी दुनिया जोडता येते. सकाळी सहाला निघालो. थंडी बरी होती. हरभरा घाट्यावर आला होता, आणि चाकूरपर्यंत गाडी अशी चालली की मला वाटलं, परत फिरावं, चांगलंच तर चाललंय. मंगलनं माझा चेहरा वाचला. "विचार करू नका. पुढं बघा."

अहमदपूरला बसस्टँडसमोर सुशीला खाल्ली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: भिजवलेल्या मुरमुऱ्यांची फोडणी, वर शेव, सोबत तळलेली मिरची. दोघांचं चहासकट शंभराच्या आत. पलीकडच्या बाकावर दोन म्हातारे आमच्या गाडीकडं बघत होते.

"लई जुनं दिसतंय."

"गाडी जुनी हाय, पण चालून राहिली ना."

"गाडीचं न्हाई, मालकाचं म्हणून राहिलो मी."

जुनी गाडी घेऊन हिंडायचं असेल तर हे ऐकायची तयारी ठेवा. आणि पेट्रोलचीही. लिटरला नऊ-दहा किलोमीटरच्या वर आमची बया देत नाही. लातूर ते नांदेड दीडशेच्या आत अंतर आहे, नव्या गाडीला अडीच-तीन तास पुरतात. आम्हाला साडेचार लागले, कारण लोह्याच्या अलीकडं ट्यूबची पट्टी सुटली आणि दोनदा थांबून गुंडाळावी लागली.

नांदेडला गुरुद्वाऱ्याजवळ लॉज घेतला, हजार रुपयांत स्वच्छ खोली आणि गाडीला आत जागा. लंगरमध्ये पंगतीला बसून डाळ-रोटी खाल्ली आणि दुपारी देगलूर नाका गाठला.

देगलूर नाक्याच्या पुढं आत वळलं की एक बोळ आहे. तिथं गाड्या मरत नाहीत, नुसत्या वेगळ्या होतात. एका टपरीत फक्त दरवाजे, दुसरीत फक्त दिवे. खाजाभाईंच्या पत्र्याच्या शेडात स्टेअरिंगं. छताला, भिंतीला, खिळ्यांना, जिकडं बघावं तिकडं गोल. खाजाभाई सत्तरीचे, मेंदीची दाढी, कमरेला पाना.

आत पाऊल टाकलं आणि मला ते दिसलं. दुधावरच्या सायीच्या रंगाचं, मधे दोन आरे, आणि कडेच्या आत चकाकणारी हॉर्नची रिंग. फाट्यावर ज्या गाड्यांकडं मी बघायचो, त्यांच्यात हेच असायचं. मी चेहरा कोरा ठेवला. धंद्यात पस्तीस वर्षं कोरा चेहरा ठेवूनच काढली. पण खाजाभाईंनी शेजारच्या दुकानदाराला हळूच म्हटलेलं माझ्या कानानं टिपलं:

"लातूर का पारटी है. सफेद पे नजर गई. पाँच के नीचे नको बोलना."

फाट्यावर रात्रंदिवस ट्रकवाल्यांत बसलेल्या माणसाला दखनी हिंदी शिकवावी लागत नाही. मी आधी भलत्याच दोन स्टेअरिंगांचे भाव विचारले. एक छोटं, चामडं शिवलेलं, रेसच्या गाडीसारखं. दिसायला झकास, पण आपल्या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही. चाक जितकं लहान तितकं फिरवायला जड. उभ्या गाडीत ते फिरवायचं म्हणजे खोल विहिरीचा रहाट ओढणं. वाचकांपैकी कुणी जुन्या गाडीला छोटं स्टेअरिंग लावायच्या विचारात असेल तर आधी दंड बघून घ्या.

मग अगदी आळसानं त्या सायीकडं बोट केलं. पाच हजारांवरून सुरू झालं, चहा झाला, मी दोनदा उठलो, खाजाभाई एकदा उठले, आणि साडेतीन हजारांवर सौदा पटला. मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

पाकीट काढलं तर खाजाभाईंनी हात आडवा केला. "पैसे बाद में. पहिले बैठाके एक राउंड मारो."

"कशाला? दाते जुळतात, बघितलं ना आपण." स्टेअरिंग ज्या दांडीवर बसतं तिचे दाते मोजून जुळवावे लागतात, तेवढं मला कळत होतं.

"दाते मिलते, हाथ नहीं मिलते," ते म्हणाले. "शेठ लोग रंग देखके लेके जाते. डायवर चार दिन चलाके शिव्या देताय. फिर वापस हमारेच गले में. मेरा कायदा है, जो चलाताय वो बैठके राउंड मारना, फिर पैसे. गाडी आपच चलाते ना?"

आणि इथं मी चुकलो. मागं मंगल उभी होती, शेडात आणखी चार माणसं चहा पीत होती, आणि मी म्हणालो, "हाव. मीच."

खाजाभाईंनी चाकं सरळ करून घेतली. ही गोष्ट विसरू नका, नाहीतर सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं दिसतं. मधला नट काढला, ओढून काढायचा पुलर लावला, जुनं उतरवलं, नवं नुसतं अडकवून नट फिरवला. मी बसणार तोच मागून आवाज आला.

"खाजाभाई, हे खोटं बोलून राहिले. उद्या मी चालवणार हाय."

शेडात कुणीतरी चहा जोरात ओढला.

"अगं, मी उतरल्यावर तू..." मी सुरुवात केली.

"अहो, बांगड्या भरताना कासार माझा हात दाबून बघतो, का तुमचा?"

खाजाभाई हसले नाहीत. त्यांनी दार उघडून धरलं. "आओ भाभी."

बोळाच्या टोकाला एक कडुलिंब होता. त्याला वळसा घालून यायचं. मंगलनं गिअर टाकला, गाडी निघाली, आणि पहिल्याच वळणाला पों! हात फिरवला की तळवा त्या चमकत्या रिंगवर पडायचा. तिची बोटं आखूड. कडा धरली की तळवा आत जाणारच. डावीकडं पों, उजवीकडं पों. कडुलिंबाला पूर्ण वळसा घालताना तर वरातीसारखा सलग. दिव्यांच्या टपरीतला, दरवाज्यांच्या टपरीतला, सगळा बोळ बाहेर आला. कुत्र्यानं झोपायची जागा बदलली. एक जण ओरडला, "नवरदेव कुठं हाय?" नवरदेव लिंबाखाली तोंड लपवून उभा होता.

मंगल उतरली. कपाळावर घाम, पण आवाज थंड. "हे नको. दिसायला चांगलंय. भिंतीवर लावा."

"भाभी, तुमची बोटं आखूड हैत," खाजाभाई म्हणाले. "रिंगवालं नको तुमाला."

मंगलची नजर शेडभर फिरली आणि कोपऱ्यातल्या एका खिळ्यावर थांबली. तिथं एक काळंकुट्ट, जाड कडेचं स्टेअरिंग होतं, आणि त्यावर ओला टॉवेल.

"ते कितीला?"

"वो बिकने का नहीं भाभी. मेरा टावेल सुखताय उसपे."

"टॉवेल दांडीवर वाळवा."

टॉवेल निघाला. कुठल्यातरी जुन्या डिझेल अँबेसिडरचं ते स्टेअरिंग. मोठं, त्यामुळं हलकं फिरणारं, कडा जाड, हॉर्नचं बटण मधोमध, मुद्दाम दाबल्याशिवाय न वाजणारं. रूप म्हणाल तर चुलीवरच्या तव्याचं. मंगलनं लिंबाला दोन वळसे घातले. एकही पों नाही. तिसरा वळसा तिनं उगाच घातला. तोंडावर हसू होतं.

दोन हजार पडले, बसवण्यासकट. मी घासाघीस करायला तोंड उघडलं, तर खाजाभाई म्हणाले, "शेठ, तुम्ही गप बसा. व्यवहार भाभीसंग चालू है."

दिवस दुसरा

नांदेडहून मुदखेड-उमरीकडून धर्माबाद, सत्तर-ऐंशी किलोमीटर. रस्ता कुठं चांगला, कुठं नशीब. मंगल चाळीसच्या वर गेली नाही. मी डाव्या सीटवर. तिथं ब्रेक नाही हे माझ्या पायाला अजून माहीत नव्हतं. उमरी येईपर्यंत पोटरी दुखायला लागली.

एका रेल्वे फाटकावर थांबलो. शेजारी मिरचीच्या पोत्यांचा टेम्पो. त्यातला माणूस खाली वाकून बघत ड्रायव्हरला तेलुगूत काहीतरी म्हणाला, आणि मग मला मराठीत, "शेठ, तब्येत बरी न्हाई का?"

"बरी आहे की."

"मग बाई का चालवून राहिल्या?"

मंगलनं काच खाली केली. "यांचं लायसन दाखवू का माझं?" फाटक उघडलं, आणि तिनं टेम्पोच्या आधी गाडी काढली.

धर्माबाद नाकाला कळतं. मिरचीच्या बाजारावरून वारा आला की शिंक येते. मंगलला मात्र शिंक आली नाही. ती नुसती रस्त्याकडं बघत होती. गल्लीच्या तोंडाशी अप्पा उभा होता, फेटा बांधून, मागं दहा-बारा पाहुणे. पाहुण्यांना आधीच बातमी असणार.

गल्ली मी पन्नासदा बघितलेली. डावीकडं अप्पाची नवी पिस्ता रंगाची भिंत, उजवीकडं शेजाऱ्याचा ओटा, आणि त्या दिवशी वरून मंडपवाल्याची हातगाडी उभी. आमची गाडी तिथून गेली असती, पण बाहेरच्या दहा जणांच्या सूचना ऐकत गेली नसती.

"अक्का, थांब!" अप्पा दोन्ही हात वर करून पुढं आला. "बास झालं, आलीस, बघितलं सगळ्यांनी. आता दाजींना दे."

मंगलनं गाडी थांबवली. तिनं पिस्ता भिंतीकडं बघितलं, हातगाडीकडं बघितलं. आणि गाडी इंचभर पुढं सरकली तेव्हा माझा उजवा हात आपोआप स्टेअरिंगकडं गेला.

तिनं तो झटकला. बघितलंसुद्धा नाही.

मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो. पंक्चरच्या दुकानापासून आजपर्यंत मी जे काही केलं ते या हातांनी केलं, आणि त्यांना गप्प बसवणं हे सगळ्यात जड काम निघालं.

"अप्पा," ती म्हणाली, "बाजूला सर. भिंत दिसंना, तू आड येऊन राहिलास."

तो सरला. गाडी थोडी पुढं गेली, थांबली. स्टेअरिंग पूर्ण उजवीकडं, मग मागं हातभर, मग डावीकडं. भिंत माझ्या खिडकीपासून चार बोटांवर आली. पिस्ता रंगावरचे ब्रशचे केससुद्धा मला दिसले. मग ती चार बोटं हळूहळू वीत झाली, आणि आम्ही दारात होतो. हातगाडीवाल्यानं टाळी वाजवली. बाकीच्यांना वाजवावी लागली.

अप्पानं भिंत तपासली, बोट फिरवून. काही सापडलं नाही. मग आत वाकून म्हणाला, "दाजी, हे स्टेअरिंग काय असलं? पैसे कमी पडले का?"

"मला पुरलं," मंगल म्हणाली आणि उतरली.

जावळ झालं, पुरण झालं, आणि वर तूप इतकं की गाडीतसुद्धा घालता आलं असतं. तिसऱ्या प्रहरी मी पान खायला बाहेर आलो तर गाडीचं दार उघडं. ड्रायव्हरच्या सीटवर अप्पाची बायको, सुनंदा, पदर डोक्यावर, दोन्ही हात काळ्या कडेवर. मंगल दाराशी उभी.

"वन्सं, लई जड हाय का हो?"

"उभ्या गाडीत जड. चालायला लागली की नाही. फिरवून बघ."

मी पान तोंडात तसंच ठेवून आत गेलो.

घरी

परतीला लोह्यापर्यंत मंगल, पुढं मी. एकूण तीन दिवस. राहणं, खाणं, पेट्रोल आणि स्टेअरिंग मिळून दहा हजारांच्या आसपास. नांदेडला जुना माल घ्यायला जाणार असाल तर दुपारनंतर जा, सकाळी दुकानं उशिरा उघडतात. जुन्या स्टेअरिंगच्या दात्यांचा फोटो घेऊन जा. आणि जो गाडी चालवणार आहे त्याला, किंवा तिला, सोबत न्या. भाव करण्याआधी बसवा, नंतर नाही.

त्या सायीच्या रंगाच्या स्टेअरिंगची अजून आठवण येते. खोटं कशाला बोलू? रविवारी मंगल गाडी काढते तेव्हा मी डाव्या बाजूनं बसतो आणि त्या काळ्या तव्याकडं बघतो. देखणं अजिबात नाही. पण परवा मी चालवायला घेतलं तेव्हा माझ्याच हाताला ते परकं वाटलं. कडेवर तिच्या बोटांच्या जागा झाल्यात.

काल अप्पाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, तुरीचा भाव झाला, थंडी झाली. मग घसा साफ करून म्हणाला, "दाजी, ते लर्निंग लायसनला काय काय कागदं लागत्यात?"

"कुणाला पाहिजे?"

"आहे असंच. एका वळखीच्याला."

फोनमध्ये मागून भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी कागदं सांगायला सुरुवात केली, तसा तो भांड्यांचा आवाज थांबला.