बैलाचा पुठ्ठा आणि अण्णांची मांडी

बैलगाड्याची बारी म्हणजे कसं, शर्यतीच्या चढावर, म्हणजे घाटात, गाडा सुटला की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वर पोचलेला असतो. पण त्या चार-दोन क्षणांवर आम्ही वर्षभर बोलतो! पारगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दुकानापुढं बाकडं आहे, आणि आमच्या गाड्याची सगळी मंडळी संध्याकाळी त्याच्यावर बसतात. पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त होऊन ज्याच्या त्याच्या घरी जातात, किस्से मात्र इथंच साठतात. त्यातले बरेचसे आमच्या अण्णांचे.

अण्णा म्हणजे आमच्या गाड्याचे मुख्य. साठीला टेकलेले, गळ्यात माळ, आवाज असा की घाटावरचा लाऊडस्पीकर लाजावा. पुढचा बैल माणक्या त्यांनी वासराचा मोठा केलेला. बारी सुटायच्या आधी माणक्याला तोंडाशी धरायचा मान अण्णांचा.

गेल्या यात्रेत नेमकं तिथंच झालं. माणक्यानं हिसका दिला, अण्णा गुडघ्यावर आले आणि त्यांना उठताच येईना. शेवटी दोघांनी काखेत हात घालून उचललं. सगळा घाट बघत होता हो!

"चप्पल घसरली," अण्णा म्हणाले.

"चप्पलच घसरली!" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

अण्णा अनवाणी होते.

*

त्यानंतर पोट गच्च वाटतंय म्हणून अण्णा डॉक्टरीण बाईंकडं गेले. ही आमच्या शेजारच्या लोणीचीच पोरगी. एवढी शिकली, पण शहरात न राहता इथं दवाखाना टाकला. आम्ही पाहुण्यांना सांगतो, "डॉक्टर आमच्याच हायत," आणि कॉलर ताठ करतो.

सोनोग्राफी बघून ती म्हणाली, "अण्णा, फॅटी लिव्हर आहे. लिव्हरवर चरबी चढलीय."

अण्णांनी आधी दार लोटून घेतलं. "हळू बोल, बाळ! बाहेर लोकं बसल्यात. माळकरी माणूस मी, थेंब कधी तोंडाला लावला न्हाई!"

"दारू न पिताही होतं, अण्णा. चहा किती होतो दिवसाला?"

"कोण मोजतंय? आला पावणा की झाला चहा."

"आणि साखर?"

"आता कारखाना गावात हाय म्हणल्यावर..."

"अहो, साखर कारखान्यानं गाळायची आणि साठवायची तुम्ही होय?"

दारूचा संबंध नाही असं बाईंनी सांगूनही घरी शकुवहिनींनी आठवडाभर नवऱ्याचं तोंड हुंगून पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "वास येत न्हाई, पण भरवसा बी येत न्हाई!"

*

अण्णा हट्टी. वजन कमी करा असं बाईंनी म्हटल्यावर त्यांनी जेवणच सोडलं. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर एकादशी आणि चतुर्थी! उरलेल्या दिवशी एक भाकरी. विजारीची नाडी रोज आवळायला लागली. गावात जो तो म्हणायचा, "अण्णा, पंचविशीत गेला की राव!" आणि अण्णा बाकड्यावर ऐसपैस बसायचे.

अशा थाटात ते परत दवाखान्यात गेले. मी आणि रफिकभाई सोबत होतो. रफिकभाईंचं जुन्नरला बैलांच्या साजाचं दुकान. झुली, कासरे, घुंगरं सगळं त्यांच्याकडचं. माणसानं कधी आमच्या गाड्याची बारी चुकवलेली नाही.

डॉक्टरीण बाईंनी वजन पाहिलं आणि म्हणाल्या, "छान. आता हात न टेकता खुर्चीतून उठा."

अण्णांनी जोर लावला. खुर्ची हलली, अण्णा हलले नाहीत.

"वजन गेलं, अण्णा, पण जास्त मांडीचं गेलं," ती म्हणाली. "पोट बघा, जवळपास तिथंच आहे. अहो, खाल्लेली साखर जिरवतं कोण? आपले स्नायू. स्नायूच झडले तर ती साखर जाणार कुठं? फिरून लिव्हरमध्ये, चरबी होऊन. उपाशी राहून तुम्ही तुमचेच कामकरी हाकलून दिलेत."

अण्णांना पटेना. मग ती म्हणाली, "बरं, मला सांगा. बैलाचा पुठ्ठा उतरला, मागच्या मांड्या वाळल्या आणि पोट सुटलं, तर तुम्ही काय करता?"

"बाजार दाखवतो!" अण्णा ठसक्यात म्हणाले.

रफिकभाई इतके हसले की त्यांना बाहेर नेऊन पाणी पाजावं लागलं.

*

पण हसणाऱ्याचे दात दिसतात! रफिकभाई अंगानं अगदी चिपाड. वारा सुटला की आम्ही त्यांना धरून बसतो. "मला काय व्हतंय?" म्हणून चेष्टेचेष्टेत त्यांनीही सोनोग्राफी करून घेतली.

फॅटी लिव्हर!

"हात दाखवून अवलक्षण झालं राव!" ते कपाळाला हात लावून बसले. "डॉक्टर, माझ्यात चरबी ठेवायला जागा कुठंय?"

"भाई, बाहेर दिसत नाही म्हणून आत नाही असं थोडंच? तुमच्याकडं स्नायूही कमीच. दोघांनी जोडीनं सुधरा."

अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी पेढे वाटायला काढले. मग स्वतःच जीभ चावली आणि बाकड्यावरच्या सगळ्यांना फुटाणे वाटले.

*

हसण्यावारी नेलं तरी एक गोष्ट सगळ्यांच्या मनात होती. एका संध्याकाळी अण्णांचा पुतण्या गणेश बोलून गेला, "अण्णा, औंदा यात्रेत माणक्याला मी धरतो."

पोराच्या मनात वाकडं काही नव्हतं. बैल ताकदीचा, माणूस चिरडला तर काय घ्या? पण अण्णांनी मान खाली घातली. मला लई वाईट वाटलं. माणक्या जन्मला तेव्हा त्याची आई गेली होती. बाटलीनं दूध पाजून जगवला होता त्यांनी!

मग अण्णा म्हणाले, "यात्रेच्या आधी मला जोखा. हात न टेकता उठलो न्हाई, तर माणक्या तुझा."

*

मग काय! डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, उपास बंद, गोड बंद, रोज उसळ, डाळ, दूध, दही, आणि सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून उठणं-बसणं. शकुवहिनींनी ते इतकं मनावर घेतलं की दोन बादल्यांत हरभरे भिजायला लागले. एक बादली माणक्याची, एक अण्णांची.

"आवं, निम्मी तर संपवा!" त्या ओरडायच्या. "त्यो बघा, मुकं जनावर, पण तक्रार हाय का त्याची?"

अण्णा म्हणायचे, "त्याला मीठ-मिरची लागत न्हाई, मला लागती!"

*

उठाबशांचं मात्र अण्णांना लाजल्यासारखं व्हायचं. गोठ्यात, माणक्याच्या आडोशाला, गव्हाणीवर बसून उठायचे. रफिकभाईंनी ते एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी जुन्नरहून येऊन दुकानापुढच्या बाकड्यावरच सुरू केलं. मग अण्णांना सोबत मिळाली. मग गणेश, मग मी. माझंही पोट काही सांगण्यासारखं नाही.

एकदा निमगाव साव्याचे एक पावणं जळालेली मोटार घेऊन आले. समोर पाच-सहा बापई ओळीत उठतायत, बसतायत, घामानं थबथबलेत!

पावणं जरा वेळ बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "राव, मास्तर कुठं दिसंना?"

त्यांची मोटार होईस्तोवर आम्ही त्यांना मोकळं बसू दिलं नाही.

*

यात्रेच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यात अण्णांचं जोखणं झालं. सोनोग्राफीत चरबी बरीच उतरली होती. मांडी डॉक्टरीण बाईंनी टेपनं मोजली आणि म्हणाल्या, "अण्णा, बाजार रद्द!"

खुर्चीतून ते हात छातीशी बांधून उठले. गणेशनं तिथंच पाया पडून सांगितलं, "माणक्या तुमचाच." दवाखान्यातल्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना कशाच्या टाळ्या हे ठाऊक नव्हतं त्यांनीही वाजवल्या.

तरी खुर्ची वेगळी आणि घाट वेगळा, हे अण्णांनाही कळत होतं आणि आम्हालाही.

*

यात्रेचा दिवस. घाट माणसांनी फुललेला. डॉक्टरीण बाई दवाखाना बंद करून आलेल्या. शकुवहिनी घरी, कारण चुलीवर पुरणाचं पातेलं आणि ओसरीवर पावण्यांची पंगत.

आमच्या गाड्याचं नाव पुकारलं. अण्णा अनवाणी पुढं झाले, माणक्याच्या कपाळावर हात ठेवला. बैल एकदम शांत. 

झेंडा पडायच्या ऐन वेळी माणक्यानं हिसका दिला. अगदी गेल्या साली दिला तसाच. अण्णा गुडघ्यावर आले, हात सुटला, झेंडा पडला आणि गाडा त्यांच्या अंगाला घासून भिर्रर्र करत गेला.

गणेश धावला. अण्णांनी त्याला तिथूनच हातानं थांबवलं. एक पाय पुढं घेतला, दोन्ही हात छातीशी बांधले आणि उभे राहिले. नुसते उभे! धुळीनं माखलेले, ताठ.

डॉक्टरीण बाईंनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. रफिकभाईंनी खांद्यावरची नवी झूल वर उडवली. आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो.

तेवढ्यात माझा फोन वाजला. शकुवहिनी. मागं पावण्यांचा गलका. "भाऊजी, गाड्याचं काय झालं वो? कितवा आला?"

मी गणेशकडं पाहिलं. गणेशनं रफिकभाईंकडं पाहिलं. रफिकभाईंनी घाटाच्या वरच्या टोकाकडं पाहिलं. तिथं आमचा गाडा केव्हाच थांबला होता आणि लाऊडस्पीकरवर पुढचं नाव पुकारत होते.

शेवटी रफिकभाईंनी फोन घेतला. "वहिनी, अण्णा पडले व्हते. हात न टेकता उठले!"

 पलीकडून वहिनींचा आवाज आला, आमच्याशी नाही, ओसरीवरच्या पावण्यांशी, अगदी ठणठणीत:

"जेवा पोटभर! आपला गाडा पयला आला!"