हॅडॉकचा वाटा

स्कॉटलंडमधल्या एका बंदरावर मच्छीमार संघटनेच्या ऑफिसात मी सॉफ्टवेअर सांभाळायचो. कोणत्या बोटीने महिन्याला किती मासे धरायचे, हे तिथला एक क्लार्क ठरवायचा. उत्तर देण्याआधी तो चष्मा पुसायचा. आवाज कधी चढवायचा नाही.

एकदा त्याचा सख्खा भाऊ आला. भावाच्या बोटीचा त्या महिन्याचा हॅडॉक माशाचा कोटा संपला होता. "ती दुसऱ्या मालकाची इंजिन बिघडलेली बोट धक्क्यालाच पडलीय. तिचा वाटा मला दे."

क्लार्कने चष्मा पुसला. "महिना अजून संपलेला नाही. ती बोट दुरुस्त होऊन निघू शकते."

ती बोट त्या महिन्यात निघालीच नाही. तिचा वाटा वाया गेला आणि भाऊही घरी बसून राहिला.

"देऊन टाकायचा ना," मी नंतर म्हणालो.

"रविवारी आईकडे आम्ही एकत्र जेवतो," तो म्हणाला. "आधी भाऊही हेच म्हणायचा. आता माझ्याशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोलतो."