काकांच्या टोकाकडची माती

माझी मावशी चिखल धुण्याची नोकरी करायची. हे मी चेष्टेने म्हणत नाही, तिच्या कामाचं याहून खरं वर्णन मला आजवर जमलेलं नाही. समुद्राचा अभ्यास करणारी एक संस्था होती, तिच्या तळमजल्यावर एक लांबट प्रयोगशाळा. तिथे दोन सिंकांच्या मधे उभी राहून मावशी खोल समुद्राच्या तळाचा गाळ पाण्यात कालवायची, वाळू खाली बसू द्यायची, वर तरंगत राहिलेली बारीक चिकणमाती अलगद ओढून घ्यायची आणि काचपट्टीवर तिचा पातळ थर देऊन वाळवायची. मग ती पट्टी क्ष-किरणांच्या यंत्रात जायची आणि वरच्या मजल्यावरची शिकलेली माणसं त्यातून निघालेल्या आलेखांवरून एकमेकांशी भांडायची. "त्यांचं त्यांना लखलाभ," असं म्हणून मावशी पुढची बरणी धुवायला घ्यायची.

सगळे तिला 'चिखलमावशी' म्हणत. मी तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला गेले ती नोकरी लागल्यावरही तिथेच राहिले, त्यामुळे हा चिखल मी जेवताना, कपडे वाळत घालताना, ताप आला असताना, सदासर्वकाळ ऐकला आहे. समुद्राच्या तळाला भेगा असतात, त्यांतून उकळतं पाणी वर येतं, ते थंड पाण्याला भेटतं तिथे ही माती जन्माला येते. पापुद्र्यावर पापुद्रा, आणि दोन पापुद्र्यांच्या मधे धरून ठेवलेलं पाणी. "हिला पाणी दिलं की फुगते," मावशी सांगायची, "तापवली की आकसते. आणि फारच तापवली की अशी रुसते, की मग कितीही पाणी घाला, ढिम्म हलत नाही." मी विचारायची, "हे मातीबद्दल चाललंय की आईबद्दल?" मग आम्ही दोघी हसायचो.

हसणं आमच्या घरात तसं कमीच होतं. त्याचं कारण काका.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, त्याच संस्थेच्या जहाजावर डेकवर काम करायचे. लोखंडी नळकांडं दोराने तळाशी सोडायचं, गाळात रुतवायचं, वर ओढायचं, आतली प्लॅस्टिकची नळी गाळासकट बाहेर काढायची आणि तिची दोन्ही टोकं बुचं लावून, वरून टेप गुंडाळून बंद करायची, हे त्यांचं काम. एका सफरीत, उजाडायच्या आधी, एक नळी वर आली. काकांनी तिचं खालचं टोक बंद केलं आणि वरच्या टोकाकडे जायला उठले. ते टोक कठड्याच्या बाजूला होतं. तेवढ्यात लाट आली. वरचं टोक पुढे कुणीतरी दुसऱ्याने बंद केलं. शोधाशोध झाली, दिवसभर जहाज घिरट्या घालत राहिलं. मग परत आलं. काका आले नाहीत, नळी आली.

चौकशी झाली. काकांच्या कपाटात अर्धी रिकामी बाटली सापडली होती, तेवढ्यावरून 'मद्याच्या अमलाखाली असण्याची शक्यता' असं काहीतरी लिहून प्रकरण मिटवलं गेलं. मावशीला त्यांच्या जागी नोकरी मिळाली, ती ही चिखल धुण्याची.

आता त्या बाटलीचं सांगायला हवं, कारण मावशीचं सगळं आयुष्य त्या बाटलीत अडकून पडलं होतं. काका पूर्वी प्यायचे. बेताने वगैरे नाही, चांगले प्यायचे. मग एकदा मावशीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली आणि सोडली. शपथ त्या सफरीपर्यंत टिकली होती, हे मावशीने डोळ्यांनी पाहिलेलं. बाटली त्यांची की शेजारच्या कुणी त्यांच्या कपाटात लपवलेली, ते कुणालाच माहीत नव्हतं. शपथ मोडून गेले की पाळून गेले, एवढंच मावशीला जाणून घ्यायचं होतं. आणि नेमकं तेच जाणून घ्यायची तिला भीती वाटत होती.

ती नळी संस्थेच्या थंड खोलीत ठेवली होती. फडताळांवर आडव्या ठेवलेल्या नळ्यांच्या रांगा, भिंतींवर दमट थर, आणि दिवा लावल्यावर जरा वेळाने घरघरणारी यंत्रं. नवी मुलं त्या खोलीला शवागार म्हणायची, मावशी दिसली की जीभ चावायची. ती नळी उघडा असं तिला कुणी म्हणालं नाही. सगळ्यांना वाटायचं, बाईच्या नवऱ्याची शेवटची वस्तू आहे, राहू दे. मावशी त्या खोलीत शिरताना दार वाजवायची. बाहेरून, आत कुणी नसताना. मी स्वतः पाहिलंय. दोनदा टकटक, मग क्षणभर थांबणार, मग कडी काढणार.

"कुणाची परवानगी घेतेस?" मी एकदा चिडून विचारलं.

"सवय आहे," ती म्हणाली. "न सांगता खोलीत आलेलं त्यांना आवडायचं नाही."

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण मी तिच्याबरोबर त्या खोलीत गेले तेव्हा नळीतून आवाज येत होता, हे मी नाकारणार नाही. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिक. आतला वायू हळूहळू सुटतो, प्लॅस्टिक आकसतं, असं वरच्या मजल्यावरच्या एकाने मला नंतर समजावून सांगितलं, आणि मला ते पटलंही. मावशी मात्र नळीकडे वाकून म्हणाली, "अहो, ही आपली भाची. मोठी झाली बघा." मी नमस्कार करावा की पळावं, मला कळेना.

घरीही तेच. बाहेरच्या दाराच्या कडीला आतून एक कोरडा टॉवेल कायम टांगलेला असायचा आणि दर आठवड्याला धुवून बदललेला असायचा. "ओले येतील," एवढंच तिचं स्पष्टीकरण. कधी भर दुपारी घरात सडक्या अंड्यांचा वास सुटायचा. तसा वास तिच्या कामातल्या गाळाला असतोच, कपड्यांतून आला असेल, असं मी म्हणायची. पण रविवारी, कपडे धुतलेले असताना, कुठून यायचा? मावशी वास घेत उभी राहायची. तिचा चेहरा तेव्हा घाबरलेला नसायचा. कुणीतरी बोलेल म्हणून वाट पाहणाऱ्या माणसाचा असायचा. मला तिचा राग यायचा आणि त्याहून जास्त तिची कीव यायची. त्या घरात मी भीतीने कधीही अंघोळीला आतून कडी लावली नाही, हे आता सांगायला हरकत नाही.

"एकदाची उघडून टाक ना ती नळी," मी एक दिवस वैतागून म्हटलं. "माती ती माती. काय आहे तिच्यात?"

तेव्हा तिने सांगितलं. भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून.

"हिरवी आहे की तांबडी, ते आहे."

त्या भेगांजवळची ती माती खाली असते तेव्हा हिरवी असते. तिच्यात लोह असतं. हवा लागली की गंजते, तांबूस होते, भेगाळते. म्हणून बूच लावताना आत हवा राहू द्यायची नसते. काका नळी मांडीवर घ्यायचे, गुडघ्याने बूच दाबत दाबत सगळी हवा बाहेर काढायचे आणि मगच टेप लावायचे. त्यांनी बंद केलेल्या नळ्या केव्हाही उघडल्या तरी टोकापर्यंत हिरव्या निघायच्या. आता या नळीवर खालच्या टोकाला त्यांचीच टेप होती. काका डावखुरे, त्यांचे वेढे उलटे असायचे, लांबूनही ओळखू यायचे. आणि टेप अगदी व्यवस्थित होती.

"मग झालं तर!" मी म्हटलं. "व्यवस्थित आहे ना?"

"टेपचं काय घेऊन बसलीस. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला होता त्यांनी एकदा पिऊन. वरून टेप अशी, की चित्र काढावं. सकाळी उठून पाहते तर घरभर पाणी, आणि हे पाण्यात चप्पल शोधतायत." ती हसली. मग हसणं थांबलं. "हाताला सवय असते गं. वरून सगळं नीट करतात. आत दाबायची ताकद मात्र नसते प्यायल्यावर."

म्हणजे नळी उघडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि ती उघडत नव्हती. वर्षं अशीच गेली.

मावशीच्या निवृत्तीचा महिना आला तेव्हा वरच्या मजल्यावरची एक तरुण संशोधक खाली आली. तिला आम्ही चष्मेवाली म्हणायचो, कारण एक चष्मा डोळ्यांवर आणि एक कायम डोक्यावर. मुलगी गुणाची होती. मावशीसमोर स्टुलावर बसून तिने सरळ सांगितलं, की त्या भेगेजवळची तेवढी एकच नळी संस्थेत आहे, तिथे पुन्हा जहाज जाणार नाही, आणि तिचं काम त्या नळीवाचून अडलंय. "तुम्ही नाही म्हणालात तर मी विषय काढणार नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही गेल्यावर कुणीतरी उघडेलच, मावशी."

मावशी हात पुसत राहिली. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"मीच उघडते," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तू ये."

मी रजा टाकून गेले. लांब टेबलावर नळी ठेवली होती. संस्थेचे साहेब आले होते, चष्मेवाली होती, बाकीच्यांना मावशीने दाराबाहेर काढलं होतं. साहेबांनी दोन शब्द बोलायला घसा खाकरला तेव्हा मावशीने करवत सुरू केली, त्यामुळे ते राहूनच गेलं. नळी दोन्ही बाजूंनी लांबीभर कापली गेली. मग साबणाची वडी दोऱ्याने कापावी तशी तिने आतल्या गाळातून बारीक तार ओढत नेली, वरच्या टोकाकडून सुरुवात करून.

दोन्ही अर्धुकं उघडली आणि तो वास खोलीभर पसरला. रविवारी दुपारी आमच्या घरात यायचा तोच.

वरच्या टोकाची माती तांबडी होती. भेगाळलेली, काठ सोडून आकसलेली, मधे पिवळट पूड. ज्याने ते टोक बंद केलं त्याने आत्ताच एक माणूस पाण्यात जाताना पाहिला होता. त्याचे हात काय दाबणार? तांबडा रंग नळीच्या मध्यापर्यंत आला होता आणि तिथून पुढे हळूहळू निवळत गेला होता. आम्ही सगळे टेबलाच्या कडेकडेने त्या रंगाबरोबर सरकत खालच्या टोकाशी आलो.

हिरवी. अगदी बुचाला टेकेपर्यंत हिरवी, ओली, चमकणारी. जणू आत्ताच समुद्रातून काढली होती.

मावशीने बोटाने त्या टोकाची कणभर माती उचलली आणि पुढच्या दातांत धरून चावली. चिखलवाल्यांची ही जुनी खोड आहे, कचकच लागली तर वाळू, मऊ लागली तर चिकणमाती. पण ही माती तोंडात घालण्याची नव्हे.

"अगं थुंक!" मी ओरडले. "विषारी असते ना ती!"

"मऊ आहे," मावशी म्हणाली. तिच्या ओठांना हिरवं लागलं होतं. मग ती साहेबांकडे वळली. इतक्या वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "साहेब, हे हात प्यायलेल्या माणसाचे नाहीत. बघून घ्या. नीट बघून घ्या सगळ्यांनी."

साहेब खाली मान घालून बघत राहिले. चष्मेवाली रडायला लागली, आणि तिला गप्प करता करता मावशीच चक्क हसली. मीही रडत होते. आनंद झाला होता मला. वाटलं, सुटली बाई एकदाची. त्या एका शपथेपायी आयुष्यभर जाळलं स्वतःला, आता तरी निवांत झोपेल.

आम्ही चालत घरी आलो. वाटेत ती काकांच्या गमती सांगत होती, कधी न सांगितलेल्या. डावखुऱ्या माणसाला कात्री कशी कधी चालली नाही, लग्नाच्या फोटोत ते कसे चुकीच्या बाजूला उभे राहिले. मी चहा केला. खिडकीपाशी बसून तिने कप हातात घेतला, पण ओठांना लावला नाही. चहावर साय धरली.

"काय झालं गं?"

"काही नाही." मग म्हणाली, "ते प्यायले होते असं मी मनात धरून होते ना, ते नुसतं रागाने नव्हतं."

मला कळलं नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"प्यायलेल्या माणसाला गार पाणी लागत नाही म्हणतात. मला वाटायचं, कळलंच नसेल त्यांना काही. झोपेतच गेल्यासारखं झालं असेल. शपथ मोडली म्हणून चिडायची मी, आणि रात्री तेच मनाशी म्हणून झोपायची, की बरं झालं प्यायले होते." तिने कप खाली ठेवला. "आता कळलं, शुद्धीत होते ते. जहाज पुढे जाताना दिसलं असणार त्यांना. दिवे दिसले असणार. हाकाही मारल्या असतील."

"मावशी, एवढा समुद्र, त्या लाटा... फार वेळ लागला नसेल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तिने मान हलवली. हाताने ओठांवरचा वाळलेला हिरवा डाग पुसला आणि बोटाकडे बघत, कुणाचं तरी कौतुक सांगावं तशी ती म्हणाली, "नाही गं. पोहायला फार छान यायचं त्यांना."