फिरोजचा पत्ता कोणी उचलायचा?

फिरोज गेल्याची बातमी आली तेव्हा आम्ही सातजण त्याची वाट पाहत होतो आणि त्याला शिव्या घालत होतो. रविवारची दुपार होती. पुणे, सुरत, नेर, महागाव असे विखुरलेले आम्ही आपापल्या संगणकासमोर बसलो होतो. त्याच्याच डोक्यातून निघालेल्या पत्ते खेळण्याच्या संकेतस्थळाची पहिली चाचणी चालू होती आणि पडद्यावर एकच ओळ थांबून राहिली होती : फिरोज पत्ता निवडत आहे. महागावहून देवानंदने लिहिलं, "भाई झोपला काय?" पुण्याहून संध्याने लिहिलं, "लाइन गेली असंल." मी फिरोजच्याच गावात, दिग्रसला होतो. लाइन होती, माझा पंखा फिरत होता... मग फिरोजच्या साळ्याचा फोन आला. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत... पुढचं त्याला बोलता आलं नाही.

शोकसभेत एका पुढाऱ्याने त्याला 'थोर संगणकतज्ज्ञ' म्हटलं. फिरोज एका बोटाने टाइप करायचा आणि प्रत्येक अक्षर सापडल्यावर त्याला आनंद व्हायचा. त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. कापसाच्या जिनिंग कारखान्यांतल्या जळालेल्या मोटरी तो नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. पुढाऱ्याला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, तो भाषण करायला आला होता.

पत्त्यांचं वेड फिरोजच्या आतेभावाने आणलं. त्याने आखातातून येताना खोकंभर परदेशी पत्ते आणले, राक्षसांचे आणि जादूगारांचे. असे पत्ते विकत मिळण्याचं ठिकाण आमच्या बाजूला कुठेच नव्हतं, त्यामुळे तेच खोकं आम्ही वर्षानुवर्षं पिसत राहिलो. प्रत्येकापुढे एक पुडा ठेवायचा. त्यातला एक पत्ता आपल्याकडे घ्यायचा आणि उरलेला पुडा डावीकडच्याला द्यायचा. सगळे पत्ते असे वाटून झाले की हाती जमलेल्या पत्त्यांवर लढायचं. याला आम्ही ड्राफ्ट म्हणायचो. लढाई ठीकच, खरी मजा या निवडण्यात. मी फिरोजच्या डाव्या हाताला बसायचो, म्हणजे त्याने नको म्हटलेलं सगळं माझ्याकडे यायचं. त्याने काय मागे ठेवलं यावरून मला त्याचं मन कळायचं. चिडलेला असला की तो चांगले पत्ते सोडून आगीचे पत्ते उचलायचा. घरी काही झालेलं असलं की पुडा हातात धरून बसायचा, आणि मग भलताच उदार होऊन सगळ्यात भारी पत्ता माझ्याकडे सरकवायचा.

या टेबलाचा एक दंडक होता. कोणी उठून गेला तर त्याचे पत्ते पालथे राहतील, त्याच्या वतीने कोणी उचलणार नाही. एकदा ऐन डावात निरोप आला की बाजार समितीत देवानंदच्या गाडीचा नंबर लागला. तो कापूस मोजायला पळाला. आम्ही भजी खाल्ली, चहा घेतला, दिवे लागले. एकानेही त्याच्या पत्त्यांना बोट लावलं नाही. तो परत आला तो उतरलेला चेहरा घेऊन. भाव काय मिळाला हे आम्ही विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

"कोणाची पाळी हाय?" एवढंच तो म्हणाला.

"तुह्यीच," फिरोज म्हणाला. "दुसऱ्या कोणाची राहीन?"

मग जिनिंग एकेक करून बंद पडू लागल्या आणि टेबलही रिकामं होत गेलं. कोणी सुरतला गेलं, कोणी पुण्याला. फिरोजकडे मोटरी येईनात. हात आखडू नयेत म्हणून तो एक धडधाकट मोटर उकलायचा आणि पुन्हा भरायचा. त्याच दिवसांत त्याने अर्ध्या ओढलेल्या शटरच्या आतल्या बाजूवर खडूने आठ खुर्च्यांचं वर्तुळ काढलं आणि मला बोलावून घेतलं. "मास्तर, हे टेबल इंटरनेटवर टाकाचं हाय. संध्याताई बनवून देते म्हणते, फुकट. हे आठ माणसं टिकले तं मी दिग्रसात टिकतो. नाहीतं मले इथं कोण हाय, सांगा."

मी हसण्यावारी नेणार होतो. त्याचा चेहरा पाहिला आणि खडूने एका खुर्चीत माझं नाव लिहिलं.

संध्या मूळची नेरची, आता पुण्यात नोकरीला. ऑफिस सुटल्यावर ती हे काम करायची. तोच पुढारी उद्घाटनाला येतो म्हणाला, फ्लेक्ससकट. फिरोज म्हणाला, "इंटरनेटले नारळ कुठं फोडाचा ते विचारा त्यायले." खरं भांडण झालं ते घड्याळावरून.

"भाई, मिनिटभरात पत्ता नाही उचलला तं मशीन उचलते," संध्या फोनवर म्हणाली. "साऱ्या जगात असंच असते."

"साऱ्या जगात लोडशेडिंग नसते, ताई. माणूस येईन न! त्याचा पत्ता मशीन कायले उचलीन?"

संध्याने घड्याळ काढून टाकलं.

आणि आता त्याच्याच पाळीवर सगळं अडलं. संध्याने एकच टेबल बांधलं होतं, तो डाव पुरा झाल्याशिवाय दुसरा सुरू होईना. आठवडे गेले. डाव पुसून टाकू, असं म्हणायला कोणाची जीभ रेटेना. त्याच्या जागी कोणीतरी बसा, असं ठरायचं आणि कोणी बसायचं नाही. देवानंद तर फोनवर रडलाच. "मी नाही उचलत भाईचा पत्ता. माह्यासाठी त्यानं दिवे लागेपर्यंत वाट पाह्यलती." सुरतवाला म्हणाला, आता सोडूनच देऊ हे सगळं. शेवटी संध्याच हळूच म्हणाली, "मग घड्याळ टाकावं लागन." नको, असं एकानेही म्हटलं नाही.

मागच्या रविवारी तिने ते टाकलं. फिरोजच्या नावापुढे आकडे उलटे धावू लागले आणि शून्यावर आले. यंत्राने पुड्यातला पहिला पत्ता उचलला, फिरोजने हातातही धरला नसता असा, आणि पुडा माझ्याकडे आला. मी एकेक पत्ता पाहिला. आगीचे पत्ते होते, भारी पत्तेही होते. त्यातून तो चिडला होता की उदास होता, त्याला दुखत होतं का, काही म्हणजे काही कळेना.

आकडे आता माझ्या नावापुढे धावत होते. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. यंत्राने माझाही पत्ता उचलला आणि पुडा पुढे महागावला गेला.