राहीनं सरळ केलेली मूठ

सावर्ड्याच्या पंचक्रोशीत आंब्याची कलमं बांधावीत ती भागोजीनंच, याबद्दल दुमत नव्हतं. आणि भागोजीच्या चाकूला हात लावावा तोही भागोजीनंच. याबद्दल तर घरात तोंड उघडायची सोय नव्हती. चाकू साधाच, खिशात मावणारा, घडीचा. पण मूठ काळीभोर, तुळतुळीत, बोटांच्या जागी झिजून खोल गेलेली. "आज्याच्या टायमाची शिसवी मूठ हाय," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. ऐकणाऱ्याला घाई असली तरी ऐकवायचा.

राही त्याची सून. नवरा मुंबईला गोदीत, त्यामुळे गोठा, चूल, भाताची खाचरं सगळं हिच्या अंगावर. त्यातूनही ती परड्यातल्या रायवळ रोपांवर भाजीच्या सुरीनं कलमं बांधायची, चोरून. त्यातली बरीचशी जगलीही होती. हे सासूला, गोदाला, ठाऊक होतं. ती बिचारी काणाडोळा करायची. राहीला फार काही नको होतं. उजेडात, सगळ्यांदेखत एक कलम बांधायला मिळावं, एवढंच. पण बाईच्या हातचं कलम जगत नाही, हे भागोजीचं शास्त्र. कुठल्या पोथीतलं, ते कुणी विचारलं नव्हतं.

चौऱ्याऐंशी सालची खंडेनवमी. हत्यारं धुऊन पूजेला मांडायची होती. पोफळीच्या वीजप्रकल्पाच्या कॉलनीतून एका साहेबांनी बागेसाठी कलमं सांगितली होती आणि दसरा होताच कामाला लागायचं होतं, म्हणून भागोजीनं चाकूही धुवायच्या हत्यारांत ठेवला. राहीच्या माहेरी या दिवशी कोयते, विळे उकळत्या पाण्यात घालत. चीक झटकन सुटतो. तिनं तोच कित्ता गिरवला. हंड्यात कोयत्यांबरोबर चाकूही गेला, आणि फुलं काढून ती परत येईपर्यंत आतच राहिला.

बाहेर काढला तेव्हा मूठ पिळवटली होती. पातं बसायची खाच आवळून गेली होती, चाकू मिटेना. आणि असल्या वाकड्या मुठीनं कलमाचा तिरका काप सरळ येणं शक्यच नव्हतं.

"घराण्याचा चाकू मारलास गो!" भागोजी कडाडला. "परत हत्याराला हात लावलास तर याद राख!" आणि तो तरातरा बाहेर पडला.

राही रडली. चांगली पोटभर रडली. पण डोकं काही रडत नव्हतं. कोयत्यांच्या मुठी लाकडाच्या. त्या त्याच हंड्यातून जशाच्या तशा निघाल्या. मग हेच शिसव कसं वाकलं? हाड असतं तर तडकलं असतं. तिला आईची काळी, शिंगाची फणी आठवली. एकदा गरम पाण्यात पडून अशीच वाकली होती. तिनं सुई विस्तवात लाल केली आणि मुठीच्या आतल्या कडेला, दिसणार नाही अशा जागी टेकवली. जळक्या केसांचा वास आला.

"सासूबाय, शिसव कसला? म्हशीचा शिंग हाय ह्या!" ती ओरडलीच. "गरम पाण्यानं वाकला, तर गरम पाण्यानंच सरळ व्हईल. करू?"

"मेलेल्याला आणखी काय मारशील?" गोदा म्हणाली. "कर!"

राहीनं मूठ पुन्हा गरम पाण्यात धरली. जरा मऊ होताच पात्याच्या जाडीची बांबूची काडी खाचेत सारली, मूठ दोन फळ्यांत दाबली, वर पाटा ठेवला आणि निवायची वाट बघत बसली. या वेळी जागची हलली नाही. नंतर पातं कोरडं करून बिजागरीत शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि मुठीवरून तेलाचं फडकं फिरवलं.

संध्याकाळी शेजारीपाजारी पूजेला जमले, तेव्हा तिनं चाकू सगळ्यांसमोर सासऱ्याच्या हातात दिला. भागोजीनं उघडला, मिटला. पुन्हा उघडला. मूठ सरळ होती. ती शिंगाची आहे असं राहीनं सांगितल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"म्हंजे माझ्या आज्यानं थाप मारलान?"

"आज्याला इकणाऱ्यानं मारली आसंल, मामंजी," राही म्हणाली. "पन ह्याला कढत पाणी नको, ऊन नको. आनि चाकू ठेवता त्या पाटीत कडुनिंबाचा पाला घाला. शिंगाला कीड लागते."

म्हाताऱ्यानं चाकू मिटून पूजेत मांडला. आत गेल्यावर राहीचा आनंद गगनात मावेना. तिनं गोदाला मिठीच मारली.

दसऱ्यानंतर घरच्या बागेत साहेबांच्या कलमांचं काम सुरू झालं. गडीमाणसं जमली होती. भागोजीनं पहिलं कलम बांधलं, चाकू पुसला आणि मूठ राहीकडे केली.

"बांध," तो म्हणाला. "काप लांब घे. घाबरू नको."

ती घाबरली नाही. सपकन काप घेतला, फांदी फांदीला भिडवली. भागोजी बघत राहिला आणि मग गुपचूप तिच्या शेजारी बसून बांधायच्या पट्ट्या कापू लागला. पुढची सगळी कलमं राहीनंच बांधली, आणि काही दिवसांनी त्यांच्यावर तांबूस पालवी फुटली.

पोफळीचे साहेब कलमं न्यायला आले. बघून खूश झाले. "भागोजी, हात मानला तुमचा," म्हणाले.

"माझा नाय, सायेब," भागोजी सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "कलमा आमच्या सुनेनं बांधलान. मी नुसत्या पट्ट्या कापून दिल्या."